घरची दुरुस्ती चुकली आणि इंजिनवर आलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात विजापूर रोडला माझं छोटं गॅरेज आहे. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी येणाऱ्या फोनांपैकी निम्मे तरी एकाच सुराचे असतात: "मालक, घरीच ऑइल बदललं, आता गाडी वेगळाच आवाज करायलीय, काय करू?" समोरचा घाबरलेला असतो. मीही कुठल्यातरी गाडीखाली असतो, त्यामुळे धड बोलणं होत नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. हे वाचताना तुमचं इंजिन चालू असेल तर आधी ते बंद करा.

ऑइल बदलून गाडी बाहेर काढली आणि ऑइलचा लाल दिवा लागला. घर जवळच आहे, तेवढी नेऊ का?

नेऊ नका. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला जेवढं अंतर लागतं तेवढीच चालवा आणि चावी फिरवून इंजिन बंद करा.

तो दिवा ऑइल किती उरलंय ते सांगत नाही, ऑइलचा दाब गेलाय हे सांगतो. क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आणि बेरिंग यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा तेलाचा थर असतो, आणि सगळा भार त्या थरावर तरंगतो. २००० आरपीएमला क्रँक सेकंदाला तेहतीस वेळा फिरतो. थर गेला की धातूवर धातू घासायला लागतो, बेरिंगचा मऊ पत्रा आधी पुसला जातो, मग वितळून क्रँकला चिकटतो. याला तास लागत नाहीत.

एक शिक्षक घरचं ऑइल बदलून गुरुवारी कुटुंबाला घेऊन अक्कलकोटला निघाले होते. कुंभारीच्या आसपास दिवा लागला. "आता आलंच की अक्कलकोट, दर्शन झालं की बघू" असं म्हणून त्यांनी गाडी वळसंगपर्यंत रेटली आणि तिथे इंजिन जाम झालं. गाडी ओढून आणली, चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरवलं, तर तिसऱ्या सिलिंडरचं बेरिंग कनेक्टिंग रॉडमध्ये फिरून काळंनिळं पडलेलं. कुंभारीलाच थांबले असते तर नवा फिल्टर आणि साडेतीन लिटर ऑइल एवढ्यावर भागलं असतं. त्या दिवशी त्यांच्या आईंना देवळात पोचवायला मी माझी गाडी दिली, पण इंजिनसाठी माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

एकदा चालू करून आवाज ऐकू का? तेवढ्याने काय होतंय?

आत ऑइल आहे याची खात्री होईपर्यंत नको. आधी डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढा, पुसा, परत घाला, काढून बघा. मग गाडीखाली पुठ्ठा पसरून ठिबकतंय का ते बघा. इंजिन जाम झाल्याची शंका असेल तर सेल्फ मारत बसू नका. धक्का देऊन, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून चालू करण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नका. अडकलेला क्रँक जोर लावून फिरवला की नुसतं बेरिंग गेलेलं असतं तिथे रॉड वाकतो, आणि कधीकधी ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडाला, भोक पडतं.

क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघता येतं. तो इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला फिरवायचा. जड पण सलग फिरला तर आशा आहे. एका जागी ठक्कन अडला तर तिथेच थांबा.

ऑइल बदलताना नेमकं चुकतं तरी काय? काम तर सोपं आहे.

काम सोपं आहे हे खरंच, आणि म्हणूनच चुका ठरलेल्या आहेत.

सगळ्यात जास्त गाड्या येतात त्या जुन्या फिल्टरचं पॅकिंग इंजिनलाच चिकटून राहिलेल्या. फिल्टर खोलताना त्याची रबरी रिंग ब्लॉकवर राहते, काळ्यावर काळं असल्याने दिसत नाही, आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसतो. दोन रबरं एकावर एक. गाडी उभी असते तोवर थेंबही गळत नाही. हायवेला लागून दाब वाढला की वरचं रबर सरकतं आणि ऑइल पिचकारीसारखं बाहेर पडतं. तीन-चार मिनिटांत चेंबर रिकामं होतं. ही चूक मी शिकाऊ असताना स्वतः केली आहे. वस्तादांनी मला ओरडायच्या ऐवजी ते जुनं रबर माझ्या हातात दिलं आणि आठवडाभर खिशात ठेवायला लावलं. तेव्हापासून प्रत्येक फिल्टर काढला की मी आधी फिल्टर उलटा करून रबर त्याच्यासोबत आलंय का बघतो, मग ब्लॉकवर बोट फिरवतो. तुम्हीही हे करा. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, रबर टेकेपर्यंत फिल्टर फिरवा आणि तिथून पाऊण फेरा हाताने आवळा. पान्याने करकचून आवळू नका.

दुसरी चूक चेंबरच्या नटाची. आजकाल बऱ्याच गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं. लांब पाना लावून जोर केला की आटे निघून येतात, आणि नट बसल्यासारखा वाटतो पण पकडलेला नसतो. वायसर जुनाच वापरला तर तिथूनही पाझर सुरू होतो.

तिसरी चूक ऐकून लोकांना खरं वाटत नाही, पण वर्षाला एक-दोन गाड्या येतातच: इंजिनच्या नटाऐवजी गिअरबॉक्सचा नट खोलला जातो. त्याचं उत्तर पुढे वेगळं दिलंय.

डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर दिसतंय. जास्त असलेलं चांगलंच ना?

नाही. ऑइल फार वर आलं की फिरणारा क्रँक त्यात आपटतो आणि ताक घुसळावं तसा फेस करतो. पंप मग तेलाबरोबर हवा ओढतो आणि दाब पडतो. वरून टॅपेटचा टिकटिक आवाज येतो, ब्रीदरच्या नळीतून तेल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेत जातं, मागे निळा धूर निघतो, सीलं गळायला लागतात. डिझेल गाडीत हे जास्त धोक्याचं आहे, कारण इनटेकमधून आलेलं तेल इंजिन डिझेलसारखंच जाळतं आणि चावी बंद केली तरी इंजिन आपोआप रेस होत राहू शकतं.

बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. त्यावरून किती काढायचं याचा अंदाज येतो. खालचा नट सैल करून काढा, नाहीतर डिपस्टिकच्या नळीतून पातळ पाइप घालून मोठ्या सिरिंजने ओढा. दोन-चार मिनिटंच गाडी चालली असेल आणि आवाज-धूर नसेल तर बहुतेक वेळा नुकसान झालेलं नसतं.

तो गिअरबॉक्सचा प्रकार काय आहे?

खालून निघालेलं तेल तुम्ही इंजिनचं समजलात, ते गिअरबॉक्सचं होतं. वरून मात्र नवं तेल इंजिनमध्ये ओतलंत. म्हणजे इंजिनमध्ये दुप्पट, गिअरबॉक्स कोरडा. याची एक पक्की खूण आहे. इंजिनचं वापरलेलं तेल पातळ आणि काळं असतं. गिअरचं तेल जाड असतं, बहुतेक वेळा सोनेरी-तपकिरी, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ऑटोमॅटिक गाडीत ते बहुधा लालसर असतं. खाली ठेवलेल्या भांड्यात असं काही दिसलं तर गाडी जागची हलवू नका. तिथेच दोन्ही तेलं नीट करा. गाडी चाललेली नसेल तर नुकसान फक्त तेलाचं.

कुलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) बदलल्यापासून गाडी तापते. आधी कधीच तापत नव्हती.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यामुळे हा प्रश्न उन्हाळ्यात रोजचा आहे. आणि माझ्या मते सोलापुरात ऑइलपेक्षा कुलंटच्या चुकीने जास्त हेडं (सिलिंडरांवरचा इंजिनचा वरचा भाग) वाकतात.

पहिलं कारण आत अडकलेली हवा. नवं कुलंट वरून ओतलं की ते रेडिएटर भरतं, पण हेडमधल्या पोकळीत हवेचा फुगा राहतो. तिथे पाणी नाही म्हणजे थंडावा नाही. गाडीचं तोंड थोडं वर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीडचा स्क्रू असेल तर सोडा, आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभ्यानेच चालवा. हीटरमधून गरम हवा आली म्हणजे पाणी फिरायला लागलं. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी परत बघा, ती नक्की उतरलेली असेल.

दुसरं कारण बोअरचं पाणी. आपल्या बोअरच्या पाण्याने घरातल्या हीटरच्या कॉइलवर कसा पांढरा थर चढतो ते तुम्ही बघितलंय. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. घट्ट कुलंट विकत आणलं असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला. तयार मिसळलेलं असेल तर काहीच घालू नका.

तिसरं म्हणजे झाकण. ते नुसतं झाकण नसतं, आत दाब धरून ठेवणारी व्हॉल्व असते. दाब राहिला की पाणी १०० अंशाला न उकळता १२० च्या आसपास उकळतं. झाकण नीट बसलं नाही किंवा त्याचं रबर गेलं तर दाब राहत नाही आणि गाडी लवकर उकळते.

गाडी तापलीच तर कडेला घ्या, बंद करा, बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास हात लावू नका. गरम असताना झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. असा भाजलेला हात आणि चेहरा मी बघितला आहे. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. आणि तापत असलेला काटा एकदम खाली आला म्हणून खूश होऊ नका. सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं सांगतो. पाणी संपून तो हवेत उघडा पडला की काटा खोटं बोलतो.

ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखं पांढरं दिसतंय. हेड गॅस्केट गेलं का?

लगेच तसं समजू नका. पावसाळ्यात किंवा जानेवारीच्या थंडीत, नुसती सात रस्ता ते पार्क चौक एवढीच गाडी फिरवत असाल, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि झाकणाखाली वाफेचं पाणी तेलात मिसळून पांढरी साय धरते. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कुलंट कमी होत नसेल तर झाकण पुसा, एकदा तुळजापूरपर्यंत फेरी मारून या आणि परत बघा.

डिपस्टिकवरही चहासारखा रंग असेल, कुलंट कमी होत असेल, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, किंवा थंड इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेडचं पॅकिंग, म्हणजेच गॅस्केट, गेलंय किंवा हेड वाकलंय. गाडी चालवू नका. पाणी मिसळलेलं तेल बेरिंग खातं.

चुकून कुलंट थेट ऑइलच्या तोंडात ओतलं गेलं असेल आणि इंजिन चालू केलेलं नसेल, तर घाबरायचं कारण नाही. पाणी जड असल्याने तळाला बसतं. रात्रभर थांबा, सगळं काढा, स्वस्त ऑइल भरून लगेच काढा, मग चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर घाला.

स्पार्क प्लग बदलताना नट किंवा वायसर आत पडला. दिसत नाही.

सेल्फ मारू नका. एक छोटा वायसर पिस्टनला भोक पाडू शकतो. लोखंडाचा असेल तर लवचिक दांड्याचा मॅग्नेट घालून निघतो. नाहीतर आत बघायचा बारीक कॅमेरा येतो, तो बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. प्लग तिरका बसून हेडचे आटे गेले असतील तर इन्सर्ट टाकून आटे नवे करता येतात, त्यासाठी नवं हेड घ्यावं लागत नाही. पुढच्या वेळी प्लग आधी हातानेच दोन-तीन फेरे फिरवा. हाताने जात नसेल तर तो वाकडा लागलाय.

टायमिंग बेल्ट घरी बदलला. आता गाडी चालूच होत नाही.

हे काम घरी करू नका असं मी स्पष्ट सांगतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट दोन-तीन दात चुकला की पिस्टन व्हॉल्ववर आपटतो आणि व्हॉल्व वाकतात. बदललाच असेल आणि अजून सेल्फ मारला नसेल, तर क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवा, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचा) एक फेरा होतो. दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा जुळल्या आणि मध्ये कुठे अडलं नाही तरच चावी लावा. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतोय असा आवाज येत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलंय, म्हणजे बहुधा व्हॉल्व वाकले आहेत.

आवाजावरून काय गेलंय ते कळतं का?

बरंच कळतं. वरच्या बाजूने बारीक, शिलाई मशीनसारखी टिकटिक येत असेल तर टॅपेट किंवा कमी दाब, हे सुधारण्यासारखं असतं. खालून दार ठोठावल्यासारखा जाड ठोका, जो रेस केल्यावर वाढतो, तो रॉडच्या बेरिंगचा. एकेका सिलिंडरची कॉइल काढून बघायची: ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, दोष त्याच्यात. ही परीक्षा दहा सेकंदांच्या वर करू नका, आणि ठोका खूप मोठा असेल तर करूच नका.

मेस्त्री म्हणतोय इंजिन खोलावं लागेल. त्याआधी काही तपासणी होते का?

होते, आणि ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. ऑइलच्या दिव्याच्या स्विचच्या जागी गेज लावून ऑइलचा खरा दाब मोजता येतो. कॉम्प्रेशन मोजता येतं. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरांत फरक किती आहे हे जास्त महत्त्वाचं. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजतात: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा पॅकिंग.

पण सगळ्यात बोलकी तपासणी स्वस्त आहे. ऑइल फिल्टर कापायचा, आतला कागद उलगडायचा आणि उन्हात धरायचा. चकाकी दिसली तर मॅग्नेट फिरवा. चिकटते ती लोखंडाची, रिंगा किंवा क्रँककडची. न चिकटणारी चंदेरी किंवा तांबूस चकाकी बेरिंगची असू शकते. कागद स्वच्छ असेल, दाब बरोबर असेल आणि ठोका नसेल, तर इंजिन खोलू नका.

चेंबर उतरवलं तर तेल ओढणारी जाळी नक्की बघायला सांगा. एकदा दाब कमी म्हणून आलेल्या गाडीच्या जाळीवर मला सिलिकॉनचे रबरासारखे तुकडे आणि सुताचा ओला गुंता सापडला. मालकांनी चेंबरला सिलिकॉन भरपूर लावलं होतं, ते आतल्या बाजूला पिळून निघालं होतं. सूत हात पुसायच्या वेस्टचं. आपल्या गावात यंत्रमागांमुळे वेस्ट ढिगाने आणि स्वस्त मिळतं, पण त्याचे धागे सुटतात. उघड्या इंजिनजवळ धागे न सुटणारं जुनं धोतर किंवा बनियन वापरा. त्या गाडीचं इंजिन जाळी साफ केल्यावर वाचलं, आज चार वर्षं पळतंय.

स्वतः केलेली चूक गॅरेजमध्ये सांगायची लाज वाटते.

सांगा. कृपा करून सगळं सांगा. काय खोललं, कुठलं तेल किती ओतलं, दिवा कधी लागला, त्यानंतर गाडी किती चालली. "अशीच बंद पडली" असं ऐकलं की आम्ही गाडीतल्या पेट्रोलच्या पंपापासून, वायरिंगपासून शोधायला सुरुवात करतो, आणि त्या शोधाचे तास तुमच्याच बिलात लागतात. जुना फिल्टर, काढलेला नट, तेलाचा रिकामा डबा सोबत आणा. चूक ऐकून हसणारा मेस्त्री भेटला तर दुसरीकडे जा.

इंजिन गेलंच. काम करून घेऊ की दुसरं इंजिन टाकू?

क्रँक आणि ब्लॉक वाचले असतील तर काम करून घ्या. हेड वाकलं असेल तर लेथवाल्याकडे फेसिंग (घासून सपाट करणं) होतं, पण सपाटी पट्टी आणि फिलर गेज लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा. बांधलेल्या इंजिनचं पहिलं ऑइल ५०० ते १००० किलोमीटरला बदला.

जुन्या बाजारातलं इंजिन टाकणार असाल तर पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. इंजिन बदललं की तो नंबर आरटीओत कळवून आरसीवर चढवावा लागतो, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या अशा बदलांची तरतूद आहे. हे राहिलं तर गाडी विकताना आणि क्लेमच्या वेळी अडकता.

विमा मिळेल का?

बहुतेक नाही. नेहमीच्या फुल इन्शुरन्समध्येही यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिन प्रोटेक्शनची जोड घेतली असली तरी ती प्रामुख्याने पाणी शिरणं, अपघाताने तेल गळणं यासाठी असते. पॉलिसीची अट वाचा आणि खोटी हकिकत लिहून क्लेम टाकू नका.

मग आता घरी काहीच करायचं नाही का?

करा की. ऑइल, एअर फिल्टर, बॅटरी, प्लग हे घरी होण्यासारखं आहे आणि स्वतःच्या गाडीला हात लावणारा माणूस मला आवडतो. फक्त गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका, स्टँड लावा. ऑइल बदलल्यावर अर्धा मिनिट इंजिन चालवा, खाली वाकून फिल्टर आणि नट बघा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा, आणि त्यानंतरच लांब जा.

एअर फिल्टरची पेटी नीट बसली की नाही हे लोक बघतच नाहीत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे जी धूळ उडते ती फटीतून आत गेली की रिंगा घासतात. फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये पांढरं फडकं फिरवा. मातकट आलं तर पेटी बसलेली नाही.

काढलेलं जुनं तेल कुठे टाकू?

गटारात नको, झाडाच्या मुळाशी नको, उदईसाठी लाकडाला लावायलाही नको. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात येतं. बंद कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला द्या, आमच्याकडून ते गोळा करणारे घेऊन जातात. कॅनवर तारीख, किलोमीटर आणि किती लिटर निघालं ते लिहून आणा. साडेतीन लिटर भरलेल्या इंजिनातून दोनच लिटर निघालं असेल, तर इंजिन तेल पितंय किंवा कुठूनतरी गळतंय, आणि ते मला त्या कॅनवरून गाडी न बघताही कळतं.